आधी जेवायला वाढा

"आधी जेवायला वाढा, मग बोलू."

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की बाईंचं पहिलं वाक्य हे. साडीखाली घातलेले बूट दारात काढायचे, खांद्यावरची भलीमोठी पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, विचारल्याशिवाय मोरीवर जाऊन हातपाय धुवायचे आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मांडी घालून बसायचं. घरचे लोक गोंधळून जात. कामावर आलेल्या बाईला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, फार तर चहा टाकावा, एवढी त्यांची तयारी असे. ही तर सरळ ताट मागत होती.

बाई नगरच्या एका शिशुगृहात समाजसेविका होत्या. तिथली मुलं ज्या घरांत दत्तक जायची ती घरं आधी पाहून यायची आणि मूल गेल्यावर तिथं कसं राहतंय ते पाहत राहायचं, हे त्यांचं काम. मी वकील. शिशुगृहाचे दत्तकाचे अर्ज माझ्याकडं असायचे, म्हणून बाईही कायम माझ्याकडं असायच्या. कोर्टाजवळच्या माझ्या खोलीत पंख्याखालची खुर्ची त्यांची ठरलेली. माझे अशील उभे राहत.

जेवणाचं कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "वकीलसाहेब, भांडायला आलेल्या माणसाला कुणी भाकरी वाढतं का? आणि एकदा वाढली की मग भांडता येत नाही. त्यांना नाही आणि मलाही नाही."

दुसरं कारण जास्त खरं होतं. ताट समोर आलं की माणसं आपल्याला तपासायला कुणी आलंय हे विसरतात आणि रोजच्यासारखी वागायला लागतात. बाई घास चावत पोराकडं बघत बसायच्या. "जे पोर 'ही भाजी नको' म्हणतं ना, ते रुळलं. जे सगळं गपगुमान खातं, त्याच्या घरी लवकर परत जायचं." तुम्ही-मी असतो तर नेमकं उलट लिहून आलो असतो, की मूल शांत आहे, सांगेल ते ऐकतं, वाढलेलं सगळं खातं. वर पाठवलेल्या अहवालांत असंच लिहिलेलं असतं. मी पुष्कळ वाचले आहेत.

ही सवय त्यांच्या अंगाशीही आली होती. मुकुंदनगरातल्या एका मुस्लिम कुटुंबाकडं त्या भर दुपारी गेल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "आधी जेवायला वाढा." घरातल्या बाईंनी काही न बोलता चूल पेटवली, पोळ्या केल्या, वाढल्या. बाई दोन पोळ्या खाऊन बसल्यावर शेजारची एक मुलगी आत आली आणि म्हणाली, "खाला, तुमचा रोजा आहे ना?" बाईंना पुढचा घास गिळेना. संध्याकाळी त्या खजुराचा पुडा घेऊन पुन्हा त्या दारात हजर झाल्या आणि रोजा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही न घेता बसून राहिल्या. पुढं कितीतरी दिवस मला सांगत होत्या, "मेली अक्कल कुठं गेली होती माझी? चंद्र दिसला तेव्हा मी काय झोपले होते?"

गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं, तरी त्या एक मोपेड चालवायच्या. एसटीत कंडक्टरशी भांडल्याशिवाय प्रवास पुरा व्हायचा नाही. बिस्किटांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. शिशुगृहाला भेट द्यायला येणारे सगळे बिस्किटंच आणतात म्हणून. आणि माझ्यापुढं बसल्या की एक प्रश्न हमखास विचारायच्या. मी एखादा नियम सांगितला की पंख्याखालून आवाज यायचा, "हे लिहिलंय ना? मग होत का नाही?" पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला ह्याचं उत्तर देता येऊ नये, हे काही बरं नाही.

आता ज्या मुलीमुळं मी हे लिहायला बसलो तिची गोष्ट सांगतो. तिची ओळख पटेल असं काही लिहायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे. म्हणून ह्या घरातली सगळी नावं मी बदलली आहेत.

आरती सहा वर्षांची होती. संगमनेरच्या पुढं अकोले तालुक्याच्या वाटेवर एक गाव आहे, तिथल्या भाऊसाहेब आणि सुरेखा या जोडप्यानं तिला दत्तक घेतलं. भाऊसाहेब दूध संकलन केंद्रावर कामाला, घरची थोडी शेती, दोन गाई. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. माणसं साधी होती. बाई दत्तकाआधी त्यांच्याकडं जेवून आल्या होत्या आणि खूश होत्या. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला त्या दिवशी गावानं ह्या दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, फलक लावला, फोटो काढले. फोटोत आरती मधोमध उभी आहे आणि तिच्या हातात कुणीतरी बिस्किटाचा पुडा दिलेला आहे.

आदेशानंतर दोन वर्षं त्या घरी जाऊन पाठपुरावा करायचा असतो. हेही लिहिलेलं आहे. पण बाईंना वरच्या कार्यालयातून सांगण्यात आलं की तुमचं काम आदेशापर्यंत, पुढचं आम्ही बघतो. त्यांनी काय बघितलं? गाडी नाही, माणूस नाही, म्हणून एकानं खुर्चीत बसून फोन लावला, "कशी आहे मुलगी?" असं विचारलं, भाऊसाहेब संकोचानं "बरी हाय" म्हणाले आणि अहवाल तयार झाला. बालिका कुटुंबात उत्तम रुळली आहे. मला हे वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं.

एके दिवशी सकाळी भाऊसाहेब आणि सुरेखा आरतीला घेऊन शिशुगृहाच्या दारात आले. हातात कपड्यांची पिशवी होती. मुलं सांभाळणाऱ्या मावशींना वाटलं, भेटायला आलेत. "बाजार करून येतो, तवर मावशीपाशी बस," असं आरतीला म्हणाले आणि गेले. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. फोन बंद. पिशवी उघडली तर तिचे सगळे कपडे होते, स्वेटरसुद्धा. तेव्हा उन्हाळा होता.

आरती पायरीवर बसून राहिली. तिनं पायांतले बूट काढू दिले नाहीत. जेवली ती बूट घालूनच. निजायच्या वेळी मावशी काढायला गेल्या तर पाय पोटाशी घेऊन म्हणाली, "नगं. आई आली की परत घालायला उशीर हुईल."

दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडं आल्या आणि खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. वरच्या कार्यालयातले साहेब त्यांना म्हणाले होते, "एक तर पोलिसांत द्या, नाहीतर मूल परत घेतलं असं लिहा आणि प्रकरण मिटवून टाका."

"परत घेतलं म्हणजे?" बाई मला विचारत होत्या. "कापडबाजारातून साडी नेली, घरी रंग आवडला नाही, परत आणून दिली. असं?"

मी त्यांना कायदा सांगितला. एकदा आदेश झाला की मुलगी पोटच्या मुलीसारखी. नाव, हक्क, वारसा, सगळं तिचं. तिला असं कुणाच्या दारात सोडून जाणं हा गुन्हा आहे. दत्तक खरोखर निभत नसेल तर आदेश रद्द करण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो, पण त्याआधी त्या कुटुंबाला मदत मिळाली पाहिजे, समुपदेशन झालं पाहिजे, बाल कल्याण समितीनं मुलीला विचारलं पाहिजे. वाटेल तेव्हा आणा, वाटेल तेव्हा सोडा, असं होऊ नये म्हणून तर हे सगळं केलेलं आहे.

"हे लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग समुपदेशन कोण करतं आपल्याकडं?"

"ते पद रिकामं आहे."

"कधीपासून?"

"मला आठवतंय तेव्हापासून."

बाईंनी पिशवी खांद्यावर चढवली. मग म्हणाल्या, "गाडी काढा."

राहुरीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत आम्ही दुपारी त्या गावात पोचलो. मला वाटलं, आज बाई त्या जोडप्याला उभं सोलणार. मलाही तेच हवं होतं. मी मनातल्या मनात कलमं जुळवत बसलो होतो.

अंगणात भाऊसाहेबांची थोरली बहीण होती, मुलीची आत्या. आम्हाला बघताच ती कमरेवर हात ठेवून पुढं झाली. "आमी न्हाई ठेवनार ती पोरगी. काय करायचं ते करा. पोलीस आना न्हाईतर कलेक्टर आना."

बाईंनी बूट काढले. पिशवी कडीला अडकवली. मोरीवर जाऊन हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या.

"आधी जेवायला वाढा," म्हणाल्या. "मग बोलू."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. भाऊसाहेब दारात मान खाली घालून उभे. सुरेखा मात्र उठली आणि तिनं तवा टाकला. तिचे डोळे सुजलेले होते. भाकरी थापताना ती मधूनच मनगटानं डोळे पुसत होती, ते मी पाहिलं आणि मनात जुळवलेली कलमं विस्कटली.

जेवताना आत्याच बोलत होती. पोरगी कशी वाईट आहे हे तिला आम्हाला पटवायचं होतं. अंथरुणात भाकरीचे तुकडे लपवते, सगळ्या घरात मुंग्या. चुलत भावाला चावली. शाळेत मास्तरणीला सांगितलं, ही माझी आई नाही. दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघते. "आन लई आडमुठी. धा हाका मारा, वळून बघनार न्हाई. आमाला वाटलं, भैरी हाय का काय. दवाखान्यात नेलं तर डाक्टर म्हनला, कान चांगले हायेत. शरण्या, शरण्या, वरडून घसा बसतो आपला."

बाईंचा घास हातातच राहिला. "शरण्या कोण?"

"तीच की. बारसं केलं ना आमी."

मग बारशाची हकिकत निघाली आणि आत्या खुलली. दत्तक म्हणजे नवा जन्म, म्हणून त्यांनी साग्रसंगीत बारसं केलं होतं. नावासाठी पत्रिका हवी. जन्मवेळ कुणालाच माहीत नाही. तेव्हा आदेशावर कलेक्टरसाहेबांची सही झाली ती घटका जन्मवेळ धरून गुरुजींनी पत्रिका मांडली आणि 'श' अक्षर काढून दिलं. पाळणा सजवला. सहा वर्षांची घोडी पाळण्यात मावेना, म्हणून पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा ठेवला आणि आरतीला शेजारी पाटावर बसवलं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सगळं वरवंट्यालाच झालं. आत्यानं कानात कुर्र केलं आणि नवं नाव सांगितलं.

"तर म्हनती कशी," आत्या हसत होती, "मला नाव हाय की. आरती! समद्या बाया पोट धरून हसल्या."

मलाही एक क्षण हसू आलं होतं. वरवंट्याचं. ते तिथंच जिरलं, कारण बाईंनी ताट बाजूला सारलं होतं. भरल्या ताटावरून त्यांना हात काढताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तिच्याजवळ तिचं असं तेवढंच होतं हो," बाई म्हणाल्या. "आई गेली, घर गेलं. आमच्याकडं आली तेव्हा अंगावरचा झगासुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी होता. नाव तेवढं तिच्या आईनं ठेवलेलं. ते तुम्ही लाडानं काढून घेतलंत, आणि हाकेला ओ देत नाही म्हणून तिलाच सोडून आलात."

आणि मग सुरेखा बोलली. तोपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मला कुनी सांगितलंच न्हाई ओ," ती म्हणाली. "सत्कार केला तवा अख्खा गाव आला हुता. ती चावली तवा कुनी आलं न्हाई. मी हापिसात फोन केला. तीनदा केला. साहेब मिटिंगमधी हायेत, नंतर करा. नंतर केला तर म्हनले, तुमचा अहवाल चांगला हाय, काय अडचन न्हाई. मला ती नको असं न्हाई बाई. मला तिचं भ्या वाटायला लागलं. ती भाकरी लपवायची, मला वाटायचं मी उपाशी ठेवते असं लोक म्हनतील. रात्री ती जागी, मी जागी. कुनाला सांगू? ज्याला सांगावं तो म्हनतो, परक्याचं रगात, दुसरं काय हुनार."

भाऊसाहेब दारातच खाली बसले. म्हणाले, "हिचं खानंपिनं सुटलं हुतं. आमाला वाटलं, ही जाती का राहती. म्हून मीच म्हनलो, सोडून येऊ."

मला राग आला होता आणि तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. इतका वेळ तो ह्या दोघांवर होता. खोटं बोलून पोर दारात टाकून आले, ह्याला माफी नाही, असं मी म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण तीनदा फोन करणाऱ्या आईला 'तुमचा अहवाल चांगला आहे' म्हणून सांगणारा माणूस त्या दिवशीही पंख्याखाली बसून चहा पीत होता. त्याच्यावर कुठलं कलम लावायचं ते मला सांगा.

बाई उठल्या, हात धुतले आणि सुरेखापाशी जाऊन बसल्या. "तुम्ही चला आमच्याबरोबर."

"मी तिला घिऊन यीन असं सांगत न्हाई," सुरेखा घाबरून म्हणाली.

"आणू नका. पण बाजार करून येतो म्हणालात ना? मग या तरी. ती बूट घालून बसलीय."

बुटांचं ऐकलं आणि सुरेखानं पदर तोंडात कोंबला. आत्या काहीतरी म्हणायला गेली. भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर ओरडले असावेत, कारण ओरडल्यावर ते स्वतःच दचकले. "गप बस, आक्के!"

नवराबायकोला घेऊन आम्ही नगरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आरती पायरीवरच होती. गाडीतून उतरलेली सुरेखा तिला दिसली, तरी ती धावली नाही, हलली नाही. सुरेखा जाऊन तिच्या शेजारी बसली. दोघी फाटकाकडं बघत होत्या.

"काय आनलं?" आरतीनं विचारलं.

"काय न्हाई आनलं." सुरेखा म्हणाली. "बाजाराला गेलेच नव्हते मी. खोटं बोलले तुला. तुझं काय चुकलं न्हाई, आरती. माझं चुकलं."

आरती तिच्याकडं वळली. हाकेला न वळणारी पोरगी वळली, असं मी इथं फुलवून सांगू शकलो असतो, पण ती तिच्या नावाला वळली की खोटं कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाचं तिला नवल वाटलं, ते मला माहीत नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग आता कुठं जायचं?"

त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर घरी गेली. सगळं छान झालं असं समजू नका. निघताना सुरेखानं बाईंचा हात धरून ठेवला होता. "तुमी दर आठवड्याला येनार असलात तर मी दम धरीन. न्हाईतर माझ्यानं व्हनार न्हाई, आत्ताच सांगते." बाई म्हणाल्या, येते. एवढ्यावर त्या मुलीचं घर टिकून होतं. सरकार म्हणू नका, नियम म्हणू नका, एका बाईच्या 'येते'वर.

आणि तेच कुणाला बघवेना.

वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. प्रकरण वरपर्यंत गेलं होतं, तेव्हा त्या कुटुंबाचं तज्ज्ञाकडून नियमित समुपदेशन झालं आहे असं लिहून बाईंनी सही करावी, म्हणजे कुणावर काही येणार नाही. मी बाईंबरोबर होतो. बाईंनी शांतपणे विचारलं, "तज्ज्ञ कोण?"

"ते आपण नंतर घालू."

"आधी माणूस घाला, मग सही घ्या."

"बाई, तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे," साहेब म्हणाले. आवाज अगदी गोड. "विचार करा."

बाईंनी विचार केला नाही. माझ्याकडून एक तक्रार अर्ज लिहून घेतला: पद का भरत नाही, फोनवर अहवाल कसे होतात, अडचणीत आलेल्या आईबापांनी जायचं कुठं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बाईंची नेमणूक मात्र वर्ष संपताच संपली. कामगिरी समाधानकारक नाही, असं कारण दिलं होतं. मी कोर्टात जाऊ म्हणालो. त्या म्हणाल्या, "जा तुम्ही खुशाल. मला उद्या संगमनेरची गाडी आहे."

नोकरी नसतानाही त्या दर आठवड्याला जात राहिल्या. परत आल्या की माझ्या खोलीत बातमीपत्र वाचल्यासारखं सांगायच्या. घरात सगळे आता आरतीच म्हणतात, आत्या सोडून. आत्या 'ए पोरी' म्हणते, तेही चालेल. सुरेखानं तिला भाकरी ठेवायला एक डबा दिलाय, तिचा स्वतःचा, त्यामुळं अंथरुणात मुंग्या नाहीत. एकदा तर भर कोर्टाच्या वेळेला दार ढकलून आत आल्या आणि अशिलासमोर म्हणाल्या, "वकीलसाहेब, कारल्याची भाजी सरकवली तिनं! नको म्हणाली! तोंड वेडंवाकडं केलं!" अशिलाला वाटलं, मोठा दावा जिंकला.

मग त्या घरी साहेबांच्या कार्यालयातून एक पत्र गेलं. दत्तक कुटुंबाच्या घरी कोणत्याही अनधिकृत व्यक्तीस प्रवेश देऊ नये. बाईंचं नाव नव्हतं, पण नाव लिहायची गरजही नव्हती. ज्यांच्या अधिकृत माणसानं त्या घराचा उंबरा कधी बघितला नाही, त्यांनी हे लिहावं! भाऊसाहेब घाबरले. सरकारी कागद, पोरगी काढून नेतील, असं त्यांना वाटलं. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. म्हणाल्या, "घरी येऊ नये असं लिहिलंय ना? स्टँडवर बसू नये असं नाही लिहिलं."

तेव्हापासून संगमनेरच्या एसटी स्टँडवर, अकोल्याच्या गाड्या लागतात तिकडच्या बाकावर, दर रविवारी ह्या तिघी बसायच्या. मी एकदा नाशिकहून येताना उतरून बघितलं. गाड्यांचा धूर, कंडक्टरांचं 'नगर, नगर' ओरडणं, शेजारी कुणाची तरी कोंबड्यांची पाटी. सुरेखा डबा घेऊन आलेली आणि बाई मांडीवर डबा ठेवून जेवत होत्या. जेवता जेवता सुरेखाचं ऐकत होत्या आणि आरती त्यांच्या पिशवीत काय काय आहे ते उपसत होती. दत्तक कुटुंबांना आधार देण्याची आपल्या भागातली सगळी व्यवस्था मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. ती एका बाकावर मावत होती.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. सकाळी मोपेड काढताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. शोकसभेला साहेब आले होते. पांढरा शर्ट, हातात हार. बाईंच्या समर्पित वृत्तीबद्दल त्यांनी बराच वेळ भाषण केलं. विस्कटलेली कुटुंबं सावरणं हेच बाईंचं जीवनकार्य होतं, असं म्हणाले. आता हे कार्य पुढं नेणं हीच खरी श्रद्धांजली, असंही म्हणाले. मी पुढच्या रांगेतून उठून बाहेर आलो, नाहीतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

बाहेर सुरेखा उभी होती. पहाटेच्या गाडीनं आली होती. आरती तिच्या पदराला धरून होती. ती आता उंच झाली आहे. आत जायचं धाडस सुरेखाला झालं नव्हतं. साहेब आत आहेत, ओळखतील, म्हणून.

"साहेब," ती मला म्हणाली, "तसं बरं चाललंय आता. पर मधीच लई अवघड जातं. ही परवा दोन दिस बोललीच न्हाई. मागं बाईंना फोन करायचे. आता कुनाला करू?"

कायदा, नियम, त्यांतल्या दुरुस्त्या मला सगळं येतं. कुणी कधी कुठं अर्ज करायचा हे मी झोपेत सांगेन. पण सहा वर्षांच्या नाहीतर आठ वर्षांच्या पोरीनं दोन दिवस अबोला धरला तर तिच्या आईनं कुणाला फोन करायचा, हे मला सांगता येईना. सगळ्या जिल्ह्यात तिला देण्यासारखा एक नंबर माझ्याजवळ नव्हता. मी माझाच दिला.

तिनं तो मोबाईलमध्ये घातला, दोनदा वाचून घेतला आणि आरतीला घेऊन स्टँडकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टात निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. मी घाईनं उचलला.

"काय झालं, सुरेखाताई?"

"काय न्हाई, साहेब," ती म्हणाली. "उचलता का, ते बघितलं."